खेदाचा धनी

बारामतीच्या किंवा इंदापूरच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेला तरुण पुण्या-मुंबईच्या कंपन्यांकडे अर्जामागून अर्ज धाडू लागला, की इंग्रजीतील ज्या एका शब्दाशी त्याची फार लवकर आणि फार निकटची ओळख होते, तो शब्द म्हणजे ‘अनफॉर्च्युनेटली’. पत्राच्या पहिल्या वाक्यात अर्जाबद्दल आभार असतात, दुसऱ्या वाक्याच्या आरंभी हा शब्द येतो, आणि तो दृष्टीस पडताच पुढचा मजकूर न वाचताही निकाल कळून चुकतो. शब्दाचा अर्थ ‘दुर्दैवाने’ असा. परंतु ते दुर्दैव कोणाचे, निर्णय कोणी घेतला, आणि लिहिणाऱ्याला खरोखर काही वाईट वाटले की नाही, यांपैकी एकाही गोष्टीचा खुलासा तो शब्द करीत नाही. खेद, दुःख, पश्चात्ताप, हळहळ हे भाव व्यक्त करणाऱ्या अशा क्रियाविशेषणांचा मोठा परिवार इंग्रजीत आहे. तो कसा घडला, वाक्यात तो कोणते काम करतो, आणि तेच काम मराठी भाषा कोणत्या निराळ्या मार्गाने करते, हे समजून घेतले तर आपले इंग्रजी सुधारते, आणि मराठी लिहितानाही आपण अधिक सावध होतो.

इंग्रजीत विशेषणाला ‘ली’ हा प्रत्यय लावला की बहुधा क्रियाविशेषण सिद्ध होते. ‘सॅड’चे ‘सॅडली’, ‘सॉरोफुल’चे ‘सॉरोफुली’, ‘मोर्नफुल’चे ‘मोर्नफुली’. हा प्रत्यय प्राचीन इंग्रजीतील देहवाचक शब्दापासून आलेला असल्यामुळे ‘अमुक रूपाने’ असा त्याचा मूळचा भाव आहे. ज्या शब्दांना तो लागतो त्यांचाही इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘सॅड’ म्हणजे मुळात तृप्त, भरलेला; तृप्तीतून जडपणा, जडपणातून गांभीर्य आणि गांभीर्यातून विषाद असा त्याचा प्रवास झाला. ‘रिग्रेट’ फ्रेंचमधून आला, आणि तेथे त्याचा जुना अर्थ मृतासाठी विलाप करणे असा होता. ‘अनफॉर्च्युनेटली’च्या पोटात रोमन लोकांची भाग्यदेवता फॉर्च्युना बसलेली आहे. म्हणजे एक शब्द मनाच्या जडपणातून निघाला, दुसरा मृताभोवतीच्या आक्रोशातून आणि तिसरा दैवाच्या फेऱ्यातून. आज कचेरीच्या पत्रात मात्र हे तिघेही एकाच रांगेत उभे असतात आणि परस्परांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात.

या शब्दांची वाक्यातील कामे दोन, आणि ती अगदी भिन्न आहेत. ‘ही लेफ्ट सॅडली’ असे म्हटले म्हणजे जाणारा मनुष्य खिन्न होता; ‘सॅडली, ही लेफ्ट’ असे म्हटले म्हणजे तो हसत गेला असेल वा रडत, वाईट वाटते आहे ते सांगणाऱ्याला. पहिल्या वाक्यात क्रियाविशेषण क्रियेला चिकटलेले आहे. दुसऱ्यात ते संपूर्ण वाक्याच्या बाहेर उभे राहून त्या वाक्यावर आपला अभिप्राय देत आहे. शब्द तोच, फक्त त्याची जागा बदलली आणि एक स्वल्पविराम आला, आणि दुःखाचा धनी बदलला. मराठीत हा घोटाळा संभवतच नाही. कारण पहिल्या अर्थी आपण ‘तो खिन्न मनाने निघून गेला’ असे म्हणू आणि दुसऱ्या अर्थी ‘वाईट याचे वाटते, की तो निघून गेला’ असे म्हणू. मन कोणाचे आणि वाटणे कोणाला, हे आपल्या वाक्यरचनेतच ठरून जाते.

असाच दुसरा भेद ‘रिग्रेटफुली’ आणि ‘रिग्रेटेबली’ या जोडीत आहे, आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही तो नेहमी पाळतात असे नाही. पहिला शब्द खेदाने भरलेल्या माणसाविषयी बोलतो, दुसरा खेद करण्याजोग्या घटनेविषयी. एखाद्या शिक्षकाने राजीनामा ‘रिग्रेटफुली’ दिला तर त्याचे मन जड झाले होते. शाळा ‘रिग्रेटेबली’ बंद पडली तर ती घटनाच शोचनीय आहे, मग ती बंद करणाऱ्याला काहीही वाटलेले असो वा नसो. आपल्याकडे हेच काम ‘खेदपूर्वक’ आणि ‘खेदजनक’ हे दोन शब्द करतात. ‘पूर्वक’ माणसाच्या अंतःकरणाकडे बोट दाखवितो, ‘जनक’ घटनेकडे. परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याने ही मराठी जोडी मनात पक्की केली, तर इंग्रजी जोडीत त्याची चूक होणार नाही.

याखेरीज दुःखाच्या छटा दाखविणारे शब्द निराळेच. मृतासाठी किंवा कायमच्या हरवलेल्या वस्तूसाठी जो सूर निघतो तो ‘मोर्नफुली’. आपली फजिती आपणच ओळखून माणूस ओशाळे हसतो, ते ‘रूफुली’. केलेले पाप आतून कुरतडू लागले म्हणजे ‘रिमोर्सफुली’. त्या शब्दाच्या लॅटिन मुळातच पुन्हा पुन्हा चावा घेण्याचा अर्थ आहे. आणि जे आता परत येणार नाही, परंतु ज्याचा मोह सुटत नाही, त्याकडे मागे वळून पाहणे ‘विस्टफुली’. काही शब्द मात्र वापरून वापरून झिजले. ‘वोफुली’ हा एके काळचा शोकाचा शब्द आज बहुधा एवढेच सांगतो, की अमुक गोष्ट फारच अपुरी आहे. आपल्या ‘भयंकर’ या शब्दातील भयही असेच नाहीसे होऊन तेथे केवळ परिमाण उरलेले आहे.

आता मराठीकडे वळू. मराठीत अशा क्रियाविशेषणांची परंपरा लहान नाही, परंतु तिची घडण निराळी आहे. पहिला मार्ग तृतीया विभक्तीचा: दुःखाने, खेदाने, दुर्दैवाने, जड अंतःकरणाने. दुसरा मार्ग संस्कृत समासाचा: सखेद, सशोक, सानुताप, आणि मराठी वृत्तपत्रांचा लाडका ‘सखेदाश्चर्य’, ज्यात खेद व आश्चर्य हे दोन भाव एकाच श्वासात उच्चारले जातात. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत समृद्ध मार्ग धातुसाधितांचा: हळहळत, चुकचुकत, मुसमुसत, हिरमुसून, ओशाळून, खंतावून. इंग्रजी भाषा क्रियेला वरून एक शब्द जोडते. मराठी भाषा दुःखाचीच क्रिया करते आणि ती मूळ क्रियेसोबत चालवते. ‘तो हळहळत म्हणाला’ या वाक्यात माणूस दोन कामे करतो आहे, बोलतो आहे आणि हळहळतो आहे, आणि दोन्हींचा कर्ता तोच असल्यामुळे हळहळ कोणाची हे विचारावे लागत नाही.

त्यापलीकडे चतुर्थीचे सामर्थ्य. ‘मला वाईट वाटते’, ‘तिला पश्चात्ताप झाला’, ‘त्यांना रुखरुख लागली’. या रचनेत दुःख माणसाकडे चालत येते आणि त्याला गाठते. माणूस त्याचे स्थान होतो. संधी निसटल्यावर लागते ती चुटपुट, करायचे राहून गेले त्याची राहते ती रुखरुख, आवडीचे दूर जाते तेव्हाची हुरहूर, आणि परक्याच्या नुकसानीनेही होते ती हळहळ. पालखी मुक्काम आटोपून पुढे निघाली म्हणजे सणसरच्या किंवा निमगाव केतकीच्या माणसाला जे वाटते त्याला हुरहूर म्हणावे, आणि काढणीला आलेला शेजाऱ्याचा डाळिंबाचा बाग गारपिटीने झोडपला म्हणजे अवघ्या गावाला जे होते त्याला हळहळ. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि आपल्या बायाबापड्या त्यांचा भेद कोणत्याही व्याकरणावाचून अचूक पाळतात.

फारसी अमलाने या भांडारात आणखी एक दालन जोडले, आणि शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध होऊन अनेक फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले, तरी हे दालन उघडेच राहिले. दिलगीर, अफसोस, नाखुशीने, कमनशिबाने, लाचारीने, नाइलाजाने हे शब्द दफ्तरांतून, कैफियतींतून आणि अर्जविनंत्यांतून आले, आणि आजही सरकारी वा सहकारी कचेरीच्या पत्रात ‘नाइलाजास्तव’ हा शब्द पदोपदी भेटतो. ‘इलाज’ म्हणजे उपाय. तेव्हा ‘नाइलाजाने’ असे लिहिणारा असे म्हणत असतो, की हे कृत्य माझेच आहे, पण त्यावाचून दुसरा उपाय मला उरला नव्हता. ‘दुर्दैवाने’ हा शब्द कृत्य दैवावर घालतो. ‘नाइलाजाने’ हा शब्द ते स्वतःकडे घेतो आणि सोबत परिस्थितीची साक्ष काढतो. ‘दिलगीर आहे’ हे शब्द परिस्थितीचीही ढाल न घेता सरळ मन पुढे करतात. या तीन शब्दांमधील अंतर हे प्रामाणिकपणाच्या तीन पायऱ्यांमधील अंतर आहे.

शोकाची आणि अनुतापाची भाषा शिकायची तर बारामतीसारखे गाव शोधून सापडणार नाही. 1729 साली पन्हाळ्यावर जन्मलेले मोरोपंत पराडकर तारुण्यात येथे आले आणि पेशव्यांचे आप्त असलेल्या बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयाने, 1794 मध्ये देह ठेवीपर्यंत, कऱ्हेच्या काठी राहिले. आर्या वृत्तात त्यांनी सबंध महाभारत मराठीत आणले. आणि महाभारत म्हणजे तरी काय, तर विजयाच्या शेवटी शोकाचा आणि वैभवाच्या शेवटी पश्चात्तापाचा महासागर. मात्रांच्या काटेकोर हिशेबात बसविण्यासाठी जुन्या काव्यभाषेतील ‘खेदे’, ‘शोके’ अशी आटोपशीर तृतीयान्त रूपे अशा कवीला फार उपयोगी पडतात. परंतु उत्तरायुष्यात, मुख्यतः पृथ्वी वृत्तात लिहिलेल्या ‘केकावली’त पंत ज्या भूमिकेवरून बोलतात, ती पाहिली म्हणजे खेदाच्या अभिव्यक्तीचे सर्वांत उंच शिखर क्रियाविशेषणाच्या पलीकडे आहे हे ध्यानात येते. मेघाला हाका मारणाऱ्या मोराचा टाहो म्हणजे केका. भक्त मोर होतो आणि भगवंताला संबोधनामागून संबोधन देऊन, विनवून, कधी वाद घालून, आपल्या अपराधांची कबुली देत देत दया मागतो. तेथे कोणी ‘खेदाची गोष्ट अशी’ म्हणून दूर उभा राहत नाही. अपराध माझा, अनुताप माझा, आणि उद्धार करणारा तू, अशी तिन्ही खाती स्पष्ट मांडलेली आहेत.

या काव्याचा आणि आपल्या विषयाचा संबंध जोडणारा पुरुषही मराठीला लाभला. 1836 साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीच 1865 मध्ये केकावलीवर ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका लिहिली. संस्कृताची परिभाषा आणि इंग्रजी व्याकरणाची मांडणी या दोहोंच्या साहाय्याने मराठी शब्दांच्या जाती लावून देणारा हा विद्वान बारामतीच्या कवीच्या आर्त वाणीचा अर्थ लावण्यास बसला, ही घटना मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. मराठी व्याकरणाने भावनांच्या उद्गारांना केवलप्रयोगी अव्यय या नावाने स्वतंत्र जात दिली आणि तीत अरेरे, हाय, हायहाय, अगाई यांना शोकदर्शक म्हणून वेगळे काढले. ही अव्यये वाक्यात असून वाक्याची नसतात. त्यांचा कर्त्याशी वा क्रियापदाशी अन्वय लागत नाही. नीट पाहिले तर इंग्रजीतील वाक्यारंभीचे ‘सॅडली’ किंवा ‘अनफॉर्च्युनेटली’ नेमके याच जागी, वाक्याच्या उंबऱ्याबाहेर, उभे असते. भेद एवढाच, की ‘अरेरे’ हा उद्गार मन हेलावल्याशिवाय तोंडातून निघत नाही, म्हणून कोणत्याही कचेरीच्या पत्राचा आरंभ त्याने होऊ शकत नाही. आणि ‘अनफॉर्च्युनेटली’ मन निश्चल असतानाही लिहिता येते, म्हणून हजारो पत्रांचा आरंभ त्याने होतो.

इंदापूर तालुक्याचा इतिहास हा या विवेचनाचा दुसरा आणि अधिक कठोर आधार आहे. पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रज सरकारने पुणे प्रांतात जमाबंदीची नवी व्यवस्था बसविण्याचे काम पुण्याचे असिस्टंट कलेक्टर रॉबर्ट कीथ प्रिंगल यांच्याकडे सोपविले. जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा सूक्ष्म हिशेब करून त्यावरून धारा ठरवावा, ही त्यांची योजना कागदावर निर्दोष दिसत होती. परंतु मोजणी सदोष, हाताखालच्या नोकरांच्या पाहणीत लबाडी आणि ठरलेला धारा रयतेला न झेपणारा, अशी तिची अंमलबजावणीत अवस्था झाली. जमिनी पडीक पडल्या, कुळे गावे सोडून गेली, आणि वसुलीची बाकी तुंबत राहिली. या अनर्थाला ‘दुर्दैव’ म्हणण्याची सोय सरकारला होती, कारण पावसाने दगा दिलेली वर्षे त्यात होतीच. परंतु 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या अधिकाऱ्यांना इंदापूर तालुक्यात नव्याने पाहणी करण्यास लावण्यात आले. मोजणीतील आणि आकारणीतील दोष शोधण्यात आले. जमिनीच्या प्रती लावून धारा हलका करण्यात आला आणि तो तीस वर्षांसाठी कायम करण्यात आला. इंदापुरात घातलेल्या या घडीवरच पुढे मुंबई इलाख्याची जमाबंदी उभी राहिली आणि 1847 च्या संयुक्त अहवालात तिचे नियम ग्रथित झाले. त्या राज्याचे हेतू वसुलीचे होते, हे विसरण्याचे कारण नाही. तरीही चूक दैवाच्या नावे न मांडता मोजणीच्या नावे मांडली, म्हणूनच ती दुरुस्त करता आली, हा धडा त्या दफ्तरातून मिळतो. खेदाच्या शब्दाने कारण झाकले असते तर धाराही तसाच राहिला असता.

याच तालुक्यात आणखी एक प्रसंग घडला. भीमेवरील उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या विस्तीर्ण जलाशयात इंदापूर तालुक्यातील नदीकाठची गावे व शेतजमिनी बुडाल्या. पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन मंदिरही पाण्याखाली गेले, आणि ज्या उन्हाळ्यात पाणी फार खाली जाते त्या उन्हाळ्यात ते उघडे पडते. त्याच पाण्याने कोरडवाहू मुलुखात ऊस उभा राहिला, भिगवणच्या पाणथळीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले, आणि सोलापूरपर्यंतच्या मुलुखाला पाणी मिळाले. अशा घटनेविषयी ‘दुर्दैवाने गावे बुडाली’ असे वाक्य कोणी लिहिले तर ते व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही असत्य ठरेल. कारण नदीला आलेला तो पूर नव्हता, माणसांनी अनेकांच्या हितासाठी विचारपूर्वक घेतलेला तो निर्णय होता, आणि त्याची किंमत मोजणारी माणसे वेगळी होती. उलट, धरणग्रस्त शेतकरी ‘नाइलाजाने गाव सोडलं’ असे म्हणतो तेव्हा त्याचा शब्द तंतोतंत खरा असतो. एकच घटना, सोडणाऱ्याला एक शब्द शोभतो, सोडायला लावणाऱ्याला तो शोभत नाही. लेखक, पत्रकार आणि अधिकारी यांनी हा भेद डोळ्यांत तेल घालून जपला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

व्यवहारात याचा उपयोग कसा करावा? इंग्रजी ‘अनफॉर्च्युनेटली’ समोर आले, की त्याच्या जागी सरसकट ‘दुर्दैवाने’ ठेवण्याची आपल्या भाषांतरकारांना आणि विद्यार्थ्यांना सवय लागली आहे. ती मोडली पाहिजे. गारपिटीने बाग गेला, अवेळी मृत्यू आला, तेथे ‘दुर्दैवाने’ हा शब्द यथार्थ आहे. उमेदवाराला न निवडण्याचा निर्णय आपलाच असेल, तेथे ‘आपली निवड आम्ही करू शकलो नाही, हे कळविताना खेद होतो’ असे लिहावे. कारण निवडणारे आपण, आणि खेदही आपला. चूक आपल्या खात्याची असेल तर ‘आमच्या चुकीमुळे आपणास त्रास झाला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य लिहिण्यास संकोच नसावा. आणि नियमाने वा परिस्थितीने हात बांधले असतील तर ‘नाइलाजाने’ लिहावे, परंतु तो नाइलाज कोणता हेही त्याच पत्रात सांगावे. कारण कारणावाचूनचा नाइलाज वाचणाऱ्याला सबबीसारखा भासतो. उलट मराठीतून इंग्रजी करतानाही हाच विवेक हवा. ‘मला रुखरुख लागली’ याचे ‘सॅडली’ करून चालणार नाही; तेथे ‘आय’ हा कर्ता आणून आपल्याला काय राहून गेल्याची खंत आहे हे पुरते सांगावे लागेल, मग वाक्य लांबले तरी चालेल.

दुःखद प्रसंगी तर आपल्या लोकरीतीने हे तत्त्व केव्हाच ओळखले आहे. गावात कोणाचा मृत्यू झाला म्हणजे माणसे दुखवट्याला जातात, सावडण्याला जातात, ओसरीवर बसतात, आणि कोणी तरी ‘लई वाईट झालं’ एवढेच म्हणते. व्याकरणाने पाहिले तर त्या वाक्याला धनी नाही. परंतु बोलणारा कामधाम टाकून, तीन कोस चालून, तेथे येऊन बसलेला असतो, आणि त्याचे तेथे असणे हेच त्या वाक्याचे कर्तृपद असते. पत्राने, पूर्वीच्या काळी तारेने किंवा आजच्या मोबाइलवरच्या संदेशाने दुखवटा कळविणाऱ्याला ही सोय नाही. त्याचा देह तेथे नसतो, म्हणून त्याचा कर्ता त्याच्या वाक्यात असावा लागतो. आणि मृताचे नाव, त्याच्याशी आपला संबंध, त्याची एखादी खरी आठवण, इतके जरी त्या संदेशात आले, तरी कोणत्याही भाषेतील शोभिवंत क्रियाविशेषणापेक्षा ते घरच्यांच्या मनाला अधिक आधार देते.

आपल्या शाळांतून इंग्रजी क्रियाविशेषणांच्या याद्या पाठ करून घेतल्या जातात, आणि याद्यांना माझा विरोध नाही. शब्दसंग्रह हा असलाच पाहिजे. परंतु खेदवाचक शब्द शिकविताना प्रत्येक शब्दापाशी शिक्षकाने थांबून, हा खेद कोणाला झाला आणि ही गोष्ट कोणी केली, असे दोन प्रश्न विद्यार्थ्याला विचारावेत. पहिल्या प्रश्नाने ‘रिग्रेटफुली’ आणि ‘रिग्रेटेबली’ यांचा भेद कळेल, वाक्यारंभीच्या ‘सॅडली’चे मर्म कळेल, आणि दुसऱ्या प्रश्नाने दैव, नाइलाज व अपराध या तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची सवय लागेल. ज्या मुलखात मोरोपंतांनी आपला अपराध आपल्या नावाने देवापुढे मांडला, आणि ज्या तालुक्यात चुकलेली जमाबंदी पुन्हा मोजून दुरुस्त झाली, तेथल्या मुलांना ही शिस्त परकी वाटण्याचे कारण नाही. उद्या यांच्यापैकीच कोणी नकाराची पत्रे लिहिण्याच्या खुर्चीवर बसेल. त्या वेळी खेदाचा धनी आपणच असल्यास त्याने तसे स्वच्छ लिहावे, म्हणजे नकार मिळालेल्या माणसाला निदान एवढे कळेल, की आपला अर्ज वाचणारा कोणी माणूसच होता.